साहेबाची हाळी

"आबा, वाजवा की. मुकादम मघापासनं बोंबलतोय," मी म्हणालो.

टेकडीच्या माथ्यावर, निवडुंगाच्या जाळीपाशी आबा उकिडवे बसले होते. त्यांनी मांडीवरचा जुना ट्रम्पेट उचलला, ओठाला लावला आणि फुंकला. गाल फुगले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण आवाज आलाच नाही. नुसती फुस्सकन हवा निघून गेली. त्यांनी वाद्य उलटं करून मला दाखवलं. फुंकनळीच्या खालच्या अंगाला, नखभर रुंद, लांबट चीर पडली होती.

"साहेब गेला," आबा म्हणाले.

आमच्या घरात त्या ट्रम्पेटला साहेब म्हणत. कुठल्याशा गोऱ्या पलटणीतून सुटून, चार हात फिरून तो माझ्या आज्याकडे आला होता. त्याच्यावर एकेकाळी चांदीचा मुलामा होता. माझ्या वेळेपर्यंत तो फक्त वळणांच्या बेचक्यात उरला होता, बाकी सगळं पिवळं उघडं पडलेलं. अंगानं किडकिडा, नळी अरुंद, तोंडाचा कर्णा लहान आणि पत्रा असा पातळ की टिचकी मारली तर बराच वेळ वाजत राहायचा. जुन्या पलटणी म्हणे चढ्या सुरात वाजवायच्या. त्यामुळे साहेब आमच्या बँडच्या बाकी वाद्यांत कधी मिसळायचा नाही. लग्नाला न्यायचा तर आबा त्याच्या सरकत्या नळीत कोल्हापूरच्या तांबटाकडून करून घेतलेला एक तुकडा बसवत, तेव्हा कुठं तो जरा खाली उतरायचा. तुकडा काढला की पुन्हा वरच्या पट्टीत जाऊन किंचाळायचा. पाहुणे आम्हा वायदंड्यांना म्हणायचे, तुमच्या बँडात एक कावळा पाळलाय.

पण खाणीत हाच कावळा कामाचा होता. धरणाच्या कामाला खडी पुरवणारी ती खाण. तिथं भोंगा नव्हता. असला तरी वीज नव्हती. सुरुंग उडवायच्या आधी माणसं बाजूला व्हायला हवीत, म्हणून आबा साहेबाची हाळी द्यायचे. पहिली हाळी झाली की सगळ्यांनी घमेली टाकून वर खोपटाच्या मागे यायचं. बायकांनी आधी बाभळीखाली जाऊन झोळीतली पोरं उचलायची आणि मग वर यायचं. खाण रिकामी झाली की मुकादम लाल निशाण करायचा, दुसरी हाळी व्हायची आणि सुरुंग भरणारे मीरासाहेब वाती पेटवायचे. खडी फोडायचं इंजिन मात्र चालूच राहायचं, कारण ते एकदा बंद पडलं की अर्धा दिवस हँडल मारत बसावं लागे. त्या धडधडाटाच्या डोक्यावरून ऐकू जाईल असा आवाज सबंध खोऱ्यात एकट्या साहेबाचाच होता.

साहेबाच्या अंगावर गोवर उठावा तसे लाल ठिपके उठायला लागले होते, ते आम्हाला दिसत होतं. वाजवणाऱ्याच्या थुंकीनं पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे नुसतं तांबूस, भुसभुशीत काहीतरी उरतं. तांबट म्हणाला होता की ही नळी आतून पोखरली आहे, हिला डाग देऊन उपयोग नाही. म्हणून तर त्या साली बँडनं मेरठहून नवा ट्रम्पेट मागवला होता. तो माझ्या वाट्याला आला होता. रुंद तोंडाचा, जाड पत्र्याचा, वर लाखेचं चकचकीत पाणी दिलेला. हळद लावल्यासारखा दिसायचा. फुंकला की आवाज असा भरून, गोल, गोड यायचा की माझाच मला हेवा वाटायचा. संध्याकाळी दारात बसून मी वाजवायला लागलो की माझी बायको हौसा चुलीपुढून उठून उंबऱ्यात येऊन बसायची. आमची पोरगी तेव्हा नुकती पालथी पडायला लागली होती. तीही मान वर करून आवाजाच्या दिशेनं बघायची.

त्या दिवशी मी खाणीत थांबणारच नव्हतो. कासारवाडीच्या नवरदेवाची वरात दुपारी खाणीखालच्या गाडीरस्त्यानं जायची होती आणि मला पुढच्या फाट्यावर बँडला मिळायचं होतं. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात नव्या ट्रम्पेटची पेटी. माथ्यावरची पायवाट जवळची म्हणून मी तिकडून निघालो होतो. खाणीत घमेली वाहणाऱ्या हौसाला सकाळीच सांगितलं होतं की हाळीला नेहमीसारखे आबा असतील, मी वरातीत असेन. तेवढ्यावरच ती हरखली होती. "आमी खालनं बघू की तुमास्नी," म्हणाली होती.

"अरे, काय झोपलात काय रं बापलेक?" ज्ञानू मुकादम धापा टाकत वर आला. त्यानं आकाशाकडे बोट दाखवलं. पश्चिमेला वळिवाचे ढग काळेशार होऊन वर चढत होते. "भोकं भरून तयार हैत. इजा चमकाय लागल्या तर काय करशील? एक जरी आपसूक उडालं तर समद्यांची राख हुईल."

आबांनी चीर दाखवली. मुकादमानं ती बघितली आणि लगेच माझ्या हातातल्या पेटीकडे बघितलं.

"मग ह्यो हाय की नवा. वाजीव."

"ह्यानं नगो," आबा म्हणाले.

"का नगो? फुटलाय का तो बी?"

"त्येचा आवाज लई ग्वाड हाय, ज्ञानबा. मान्सं हलायची न्हाईत."

मुकादम हसला. "अवो, आवाज तो आवाज. तुमचा त्यो कावळा वरडला काय आन् ही कोकिळा वरडली काय. कान हैत मान्सास्नी." मग माझ्याकडे वळला. "सुदाम, वाजीव लेका. टाइम घालवू नगंस."

आबा माझ्याकडे बघत होते. मी ढगांकडे बघितलं, पेटी उघडली आणि साहेबाची हाळी मेरठवाल्यावर वाजवली. तेच सूर, तशीच तीनदा. वाऱ्यावर ती छान पसरली. खरं सांगतो, ऐकून मला बरंच वाटलं.

आम्ही तिघांनी खाली बघितलं. माथ्यावरून खाणीचा तळ दिसायचा, पण गाडीरस्ता नाही. कड्याचं पोट मध्ये पुढे आलेलं, रस्ता त्याच्या खालून जायचा. तळातली माणसं थबकली. मग घमेली टाकली. बाप्ये एका बाजूनं आणि बायका बाभळीच्या अंगाला, असे सगळे निघाले. बायका रोजच आधी तिकडे जात. लुगड्यांचे पदर फडफडत कड्याआड गेले. तळ रिकामा झाला.

"बघा," मुकादम म्हणाला, "हलली का न्हाई मान्सं?"

त्यानं लाल निशाण हलवलं. मी दुसरी हाळी दिली. खाली मीरासाहेब, डोक्याला पंचा गुंडाळलेले, एका भोकापासून दुसऱ्याकडे वाकत वाकत गेले आणि मग वर चढायला लागले. लांबच लांब वाती होत्या. मीरासाहेबांना कधी पळावं लागलेलं मी बघितलं नव्हतं. ते विडी ओढत वर यायचे.

खोपटामागं बाप्ये जमायला लागले. एक, दोन करत बरेच आले. त्यांच्यातल्या एकानं मला बघून विचारलं, "सुदामराव, तुमी हितं? वरात कुटं हाय मग?"

"कसली वरात?"

"बाया म्हनल्या, वरात आली. बँड वाजला न्हवं? आमी मीरासायबाला पेटवताना बगितलं म्हनून वर पळालो."

मी मागे वळलो, निवडुंग ओलांडून कड्याच्या अगदी टोकापर्यंत गेलो आणि पालथा पडून खाली डोकावलो.

बाभळीखाली बायका उभ्या होत्या. वर यायला एकही निघालेली नव्हती. रस्त्याच्या कडेला ओळ धरून, पदर सावरून, फाट्याच्या दिशेनं माना लांबवून उभ्या. नवरदेव बघायला. कड्याच्या ज्या पोटाला मीरासाहेबांनी वाती पेटवल्या होत्या, ते त्यांच्या डोक्यावर होतं.

आणि त्यांच्यात हौसा होती. पोरगी कडेवर.

मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून ओरडलो, "पळा! सुरुंग! पळा!" इंजिनाच्या धडधडीत मलाच माझा आवाज ऐकू येईना. हौसानं मात्र वर बघितलं. लाल कोट तिला लांबून ओळखू आला. तिचा चेहरा उजळला. मी हात हलवतोय म्हणून तिनंही हात हलवला. मी आणखी जोरात हलवले, तर तिनं पोरीला दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं, माझ्याकडे तोंड करून धरलं, आणि तिचा चिमुकला हात धरून मला हलवून दाखवला. बघ, बाबा आलं बघ.

इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही नाही. घशातून काहीतरी निघत होतं, ते रडणं होतं की ओरडणं, मला आजही सांगता येणार नाही.

"मीराभाई!" मुकादम किंचाळत होता. "इजवा! वाती इजवा!"

मीरासाहेब नुकतेच वर पोचले होते. काय झालं ते कळल्यावर त्यांनी विडी टाकून दिली. "कुठली कुठली विझवू?" ते म्हणाले. "भोकं कितीतरी हैत. आत शिरलीय आग. आता अल्लाच."

तरी ते परत उताराला धावले. दोघांनी त्यांना कमरेला धरून मागे ओढलं.

मी खाली उडी मारायच्या बेतात होतो. पायवाटेनं गेलो असतो तर पोचलोच नसतो, हे मला कळत होतं. तरी जायचं होतं. तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरली. आबा होते. त्यांच्या दुसऱ्या हातात साहेब होता.

"फुक," ते म्हणाले.

"आबा, तो फुटलाय!"

"मी धरतो. तू फुक. माज्यात दम न्हाई तेवडा. तुज्यात हाय."

त्यांनी डोक्याचा पटका ओढून काढला, त्याचं टोक तोंडात घालून ओलं केलं, चिरेवर गुंडाळलं आणि वरून दोन्ही मुठी आवळल्या. मी वाद्य ओठाला लावलं. ओठ थरथरत होते. ते मुखावर, फुंकायच्या वाटीवर, बसेनात. पहिली फुंकर अशीच गेली, फुस्स. आबांच्या बोटांमधून वारा निघाला.

"रडू नगंस. रडत्या ओटानं वाजत न्हाई," आबा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण त्यांच्या मुठी कापत होत्या, आणि ते कापणं नळीतून माझ्या दातांपर्यंत येत होतं.

दुसऱ्यांदा अर्धवट चिरकल्यासारखं काहीतरी निघालं. खाली बायका तशाच उभ्या. हौसानं पोरगी खाली कडेवर घेतली होती आणि शेजारणीला बोटानं मी दाखवत होती.

तिसऱ्यांदा मी डोळे मिटले, ओठ दातांवर ताणले आणि पोटातलं सगळं त्या अरुंद नळीत कोंबलं. साहेब किंचाळला. तसा तो आयुष्यात कधी वाजला नसेल. गोडवा नाही, सूर नाही, नुसता पातळ, चढा, कान कापत जाणारा आवाज. तोंडात रक्ताची चव आली. आबांच्या मुठीतली नळी कर्रकन वाजली आणि वाळल्या वेलीसारखी मोडली. पुढचा भाग त्यांच्या हातात राहिला आणि मुख माझ्या तोंडात.

मी डोळे उघडले. रस्त्यावर ओळ राहिलेली नव्हती. त्या बायकांनी वर बघितलं नाही, एकमेकींना विचारलं नाही. तो आवाज त्यांच्या पायांना ठाऊक होता. रस्त्याखालून ओढ्याची एक मोरी जायची, त्या मोरीच्या तोंडाशी लुगड्यांची नुसती गर्दी झाली, एकीवर एक. हौसा त्यांत दिसली नाही. मी तिला शोधत होतो तोच कुणीतरी मला टोकापासून मागे ओढून पाडलं आणि माझ्यावर आडवं झालं.

कड्याचं पोट उडालं. एक सुरुंग, मग दुसरा, मग सगळे एकात एक मिसळले. जमीन पोटाखालून हलली. दगड पडत राहिले, आधी मोठे, मग बारीक, मग नुसती माती. माझ्या पाठीवर आबा होते. ते काहीतरी पुटपुटत होते, बहुधा माझ्या आईचं नाव.

मी खाली कसा पोचलो ते मला आठवत नाही. धूळ एवढी होती की हात दिसत नव्हता. बाभळ सापडली ती तिला धडकल्यावर. तिची मोठी फांदी मोडून लोंबत होती. फांदीला हौसाच्या जुन्या लुगड्याची झोळी होती, हिरव्या काठाची. मी ती सकाळी बांधताना बघितली होती. झोळी जमिनीला टेकली होती आणि भरलेली होती.

मी तिच्यापाशी बसलो. हात लावायचं धाडस होईना. पोरगी हौसाच्या कडेवर होती, मी डोळ्यांनी बघितलं होतं. पण पळताना तिनं पोरीला कुठं ठेवलं असेल? रोजची सवय म्हणून घाईत झोळीत टाकलं असेल? माणूस भ्यायला की काय करेल ते सांगता येतं का? मी काठ धरून हळूच बाजूला सारला. आत दगड होता. लहान मुलाएवढा, काळा, अजून गरम. दगडच होता, आणखी काही नव्हतं, तरी मी तो काढून त्याच्याखाली दोन दोन वेळा चाचपलं.

मग मोरीकडून खोकण्याचे आवाज यायला लागले. एकेक बाई बाहेर निघाली, सगळ्या मातीनं पांढऱ्या, ओळखू न येणाऱ्या. कुणाचं कपाळ फुटलं होतं, कुणी आपला दुखरा हात धरलेला. पण चालत होत्या. सगळ्यांत शेवटी हौसा बाहेर आली, ओणवी, गुडघ्यांवर. तिच्या छातीशी पोरगी होती आणि हौसाचे दोन्ही तळवे पोरीच्या दोन कानांवर घट्ट बसलेले होते. पोरगी डोळे मोठे करून माझ्या लाल कोटाकडे बघत होती.

"तुमीच व्हता न्हवं?" हौसा म्हणाली. "मला वाटलं, तुमी वरातीत हैसा. म्या म्हनलं सगळ्यास्नी, आवाज आमच्या घरचा हाय, चला बगाया." तिचे ओठ हलत राहिले. "म्याच म्हनलं, अवं. म्याच न्येलं त्यास्नी तिकडं."

मी पोरीच्या कानांवरचे तिचे तळवे सोडवायला गेलो. ते सुटले नाहीत. पाऊस पडून थांबला, माणसं पांगली, आबा येऊन बसले, तरी तिनं हात काढले नाहीत. शेवटी पोरगी भुकेनं रडायला लागली तेव्हा ते निघाले.

पुढं खाणीत हातानं फिरवायचा भोंगा आला. मी बँडात राहिलो, मेरठवाला झिजेपर्यंत वाजवला, मग दुसरा घेतला. वाद्यं दरवेळी आणखी जाड, आणखी गोड येत गेली. हौसा पुन्हा कधी उंबऱ्यात ऐकायला बसली नाही आणि मी तिला कधी बोलावलं नाही. त्या दिवसाचं आम्ही दोघं घरात बोलत नसू. पोरीला तर कधीच सांगितलं नाही. साहेबाचा मोडका कर्णा आबांनी माळ्यावर ठेवला होता, तो तिनं लहानपणी भातुकलीत नरसाळं म्हणून वापरला.

मागच्या वैशाखात तिचं लग्न झालं. माझ्याच जुन्या बँडातली पोरं वाजवायला होती. संध्याकाळी नवऱ्या मुलाची वरात वाजतगाजत दारात आली. पुढच्या पोरानं नवा ट्रम्पेट वर धरून अशी तान घेतली की मांडवातल्या साऱ्या बायका हातातलं टाकून नवरदेव बघायला रस्त्याकडे धावल्या. मी तेव्हा घरात होतो, अक्षतांचं ताट घ्यायला आलो होतो.

आतल्या खोलीत दोघीच राहिल्या होत्या. पोरगी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेली, आणि तिच्यामागे गुडघ्यांवर हौसा. तिनं पोरीचं डोकं छातीशी ओढून धरलं होतं आणि दोन्ही तळवे तिच्या दोन कानांवर घट्ट दाबले होते.

"आई, अगं काय करतीस? मुंडावळ्या सुटतील," पोरगी हसत होती. "सोड की. मला बी ऐकू दे."

हौसानं दारातून माझ्याकडे बघितलं. मी ताट खाली ठेवलं, आत गेलो आणि वरात दारातून मांडवात येईपर्यंत दोघींच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो.